पाठीला लावायला घरी कोण आहे?

मी फोनवर काही सांगायला लागले की माझी मुलगी म्हणते, "आई, हा किस्सा मागच्याच रविवारी झाला." झाला असेल. मी काय वहीत टिपून ठेवते? दिवसभर काउंटरला उभं राहिलं की किस्से आपोआप साठतात, आणि ऐकायला माणूस एकच, तेही बंगळुरात. मग त्याला दोनदा ऐकावं लागतं, त्याला माझा इलाज नाही. म्हटलं, आज तुम्हाला सांगते. तुम्ही निदान पहिल्यांदा ऐकताय.

वेल्ह्याच्या बाजारात माझं औषधाचं दुकान आहे. माहेर भोरचं. लग्न होऊन आले तेव्हा दुकान ह्यांचं होतं. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली, आता दुकान माझं. फार्मसी दोघांनीही केलेली, त्यामुळे लायसनची अडचण आली नाही. अडचण आली ती स्वभावाची. हे गिऱ्हाइकाशी गोड बोलायचे आणि मी खरं बोलायचे, अशी आमची वाटणी होती. आता दोन्ही कामं माझ्यावर आली आणि त्यातलं गोड बोलायचं राहूनच जातं.

आमच्याकडे पाऊस चार महिने मुक्कामाला असतो. अंग म्हणून कोरडं राहत नाही. त्यामुळे तापाच्या गोळ्यांच्या खालोखाल माझ्याकडे काय खपत असेल तर बुरशीचं क्रीम. गजकर्ण, नायटा, पायाच्या बोटांतल्या चिखल्या, सगळी एकाच घराण्यातली भावंडं. आणि काउंटरला बाई आहे म्हणून बायका लांबलांबून माझ्याकडेच येतात. परकराच्या नाडीखाली गोल चट्टा उठलेला असतो. बाप्या दुकानदाराला तो कसा सांगणार? दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत त्या उगाच साबणाचे वास घेत उभ्या राहतात.

*

जुलै महिना. पासलीकडच्या चार बायका भातलावणी अर्धी टाकून एसटीने आलेल्या. चौघींच्याही पायाच्या बोटांमध्ये कातडी पांढरी, चिंबलेली, कडेने फाटलेली. मी माझी नेहमीची टेप लावली. पाय धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा, मगच क्रीम लावा, पातळ लावा, थापू नका. ज्याचा त्याचा टॉवेल वेगळा. खाज थांबली म्हणून दोन दिवसांत सोडायचं नाही. आणि कपडे कडक उन्हात वाळवा.

इथपर्यंत चौघी माना डोलवत होत्या. उन्हाचं ऐकलं आणि एकमेकींकडे बघायला लागल्या.

त्यांच्यातली वयस्कर होती ती म्हणाली, "ताई, ऊन बी तुमीच देता का ट्यूबीसंगं? आमच्याकडं मिरगापासनं आलंच न्हाई."

चौघी हसल्या. बाहेर धो धो चालू होता आणि मी छापील कागद वाचल्यासारखी उन्हाच्या गोष्टी करत होते. शेवटी म्हटलं, चुलीच्या वर दोरी बांधा, अंगावरचे कपडे तिथे खडखडीत वाळू द्या, तोवर घालू नका.

तीन आठवड्यांनी तीच बाई आली. चिखल्या बऱ्या झालेल्या. म्हटलं, "चुलीचं जमलं ना?"

"जमलं की. आता लुगड्याला धुराचा असा वास येतो, एसटीत माझ्या शेजारी कुणी बसत न्हाई. वेल्ह्यापातूर ऐसपैस येते."

*

माझी लीलामावशी हिर्डोशीला असते, वरंधा घाटाच्या वाटेवर. तिथे एसटी येते तेव्हा येते, नाहीतर माणूस चालतो. मावशीच्या मानेला गजकर्ण झालं होतं. भोरला माझ्या भावाकडे आली तेव्हा मी तिला ट्यूब दिली आणि बजावलं, "मावशी, ही फक्त तुझी. दुसऱ्या कोणाला द्यायची नाही." ती व्हय म्हणाली. मावशी सगळ्यालाच व्हय म्हणते.

महिन्याने मी हिर्डोशीला गेले. मानेवरचा चट्टा होता तसाच, उलट कानापर्यंत सरकलेला.

"ट्यूब कुठाय?"

"देवळात."

मला वाटलं नवस बोलली असेल. जाऊन बघते तर मारुतीच्या देवळातल्या कोनाड्यात, अंगाऱ्याच्या वाटीशेजारी माझी ट्यूब. खालून गुंडाळत गुंडाळत पेराएवढी उरलेली. ज्याला लागेल त्याने येऊन बोट लावायचं, अशी गावाने पद्धत पाडलेली. खाजेला तर खाजेला, पण कापलेल्याला, भाजलेल्याला आणि एक म्हातारबुवा तर गुडघ्यालाही लावत होते.

मी मावशीला जे झापलं. म्हटलं, चट्ट्याला लागलेलं बोट ट्यूबीच्या तोंडाला लावायचं आणि मग दुसऱ्याने तेच घ्यायचं, म्हणजे औषध वाटताय की रोग? आणि कापल्या-भाजल्याला हे लावतात का?

मावशी शांतपणे म्हणाली, "आगं, एकटीनं कशी लावू? शेजारनीकडं इरजण न्हाई म्हनली तर मी एकटीच दही खाते का?"

मी दुसरी ट्यूब दिली, पुन्हा बजावलं आणि परत आले. पंधरा दिवसांनी तिचा फोन. "तुज्या सांगन्यापरमानं सुधारणा केली बग. आता ट्यूबीला कुणी बोट लावत न्हाई. कोनाड्यात पळसाची पानं ठेवलीत, पानावर घ्यायचं आनि जायचं."

"आणि तुझ्या मानेचं काय?"

"माजी पाळी यायच्या आत संपली की."

*

आता चांगुणाआजींचं सांगते.

बाजारापासून वीस मिनिटं चालत गेलं की एक वाडी आहे, तिथे त्या एकट्या राहतात. वय पंच्याहत्तर म्हणतात, ऐंशीही असेल. मालक जाऊन बरीच वर्षं झाली, म्हैस होती ती मागच्या साली विकली. मुलगा सुनील पुण्यात धायरीला, कंपनीत कामाला. त्याला सहा वर्षांचा मुलगा. आजी गणपतीला त्यांच्याकडे गेल्या आणि दिवाळीपर्यंत राहिल्या. दिवाळीच्या तोंडावर आंघोळीला पाणी देताना सुनेला त्यांच्या पाठीवर तळहाताएवढे चट्टे दिसले. सून काही वाईट नाही, घाबरली. घरात लहान पोर, रोज आजीच्या कुशीत झोपणारं. भाऊबीज झाली आणि सुनीलने आईला गाडीत घालून वाडीवर आणून सोडलं. "बरं झालं की लगेच न्यायला येतो," म्हणाला.

हे सगळं आजींनी मला काउंटरला उभं राहून सांगितलं, मी काही न विचारता. हातात सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांची चिठ्ठी होती.

"लवकर बरं व्हायचं औषद दे, पोरी. नातू रोज फोनवर इचारतो, आजी कवा येतीस, गोट अर्धी ऱ्हायलीय."

मी ट्यूब दिली आणि समजावलं. रोज आंघोळीनंतर एकदा. पाठ कोरडी करायची. चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं चांगली कातडी असते, तिथून सुरुवात करून आत यायचं. लावून झालं की हात साबणाने धुवायचे. चार आठवडे, एकही दिवस चुकवायचा नाही. मग मी सगळ्यांना विचारते ते विचारलं, "पाठीला लावायला घरी कोण आहे?"

"हाय की," आजी म्हणाल्या.

चार दिवसांनी परत हजर. ट्यूब संपली.

"आजी, भाकरीला लावून खाल्लीत का?"

"न्हाई गं. पाठीलाच लावली."

"मग इतकी कशी लागली? लावतं कोण?"

"खांब."

मला कळेना. तर झालं होतं असं, की गोठ्यात एक खांब आहे, म्हैस त्याला अंग घासायची. घासून घासून गुळगुळीत झालेला. आजी खांबाला क्रीम लावायच्या आणि मग त्याला पाठ लावून खालीवर व्हायच्या.

"निम्मं खांबच खातो," आजी म्हणाल्या, "म्हनून पुरत न्हाई."

मी हसले, खोटं कशाला बोलू. पोट धरून हसले. आजीही हसल्या. मग मी त्यांना आत नेऊन पाठ बघितली. चट्ट्यांवर ओरखडे, एके ठिकाणी सोललेलं, लाकडाची कुसं रुतलेली. माझं हसू तिथेच थांबलं.

दुपारी एक ते तीन माझं दुकान बंद असतं. म्हटलं, "उद्यापासून आंघोळ करून रोज एक वाजता इकडे यायचं. मी लावीन. आणि त्या खांबाकडे बघायचंसुद्धा नाही."

*

मधेच बाळूचं सांगते, नाहीतर राहून जाईल. बाळू म्हणजे वेल्हे-भोर टेम्पो चालवणारा. दर महिन्याला येतो आणि म्हणतो, "मॅडम, ती गार पडणारी द्या."

ती गार पडणारी म्हणजे बुरशीच्या औषधात स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब. लावली की आग, खाज एकदम थांबते, माणसाला वाटतं जादू झाली. आणि खाली बुरशी मजेत पसरत असते. वर कातडी कागदासारखी पातळ होते. मी ती ट्यूब चिठ्ठीशिवाय देत नाही. मग तो दुसरीकडून कुठून तरी आणतो आणि मला येऊन सांगतो, की मिळाली.

एकदा कमरेवर लाल फाट्या पडल्या तेव्हा घाबरून माझ्याकडे आला. मी विचारलं, "किती दिवस लावतोयस?"

"झाली की दोन वर्षं."

"दोन वर्षं? अरे, गुण येतो का तिने?"

"येतो ना. दोन दिवसांत बरं वाटतं."

"दोन दिवसांत बरं वाटतं, तर दोन वर्षं कशाला लावतोस?"

बाळूने चांगला विचार केला. मग म्हणाला, "दर दोन दिवसांनी बरं वाटतं."

त्याला मी हात धरून डॉक्टरांकडे पाठवलं. आता सुधारतोय, पण माझ्यावर अजून रुसलेला आहे. टेम्पो दुकानासमोरून नेताना हॉर्न वाजवत नाही.

*

हा पुढचा किस्सा हसायचा नाही, पण तो सोडून बाकीचे सांगितले तर मला बरं वाटणार नाही.

एक माणूस यायचा. नाव सांगत नाही. डोंगराच्या अंगाला एकटाच राहणारा, चाळिशीतला, लग्न झालेलं नाही. दंडावर फिकट चट्टा. गजकर्ण समजून तीन महिने माझ्याकडून बुरशीचं क्रीम नेत होता. तिसऱ्या ट्यूबीला मी विचारलं, "खाज कमी आहे का?"

"खाज कवाच न्हवती."

"मग त्रास काय होतो?"

"काहीच न्हाई. त्येचंच भ्या वाटतं. काल चहा सांडला त्याच्यावर, म्हायती बी झालं न्हाई."

मी ट्यूब परत कपाटात ठेवली. न खाजणारा, बधीर चट्टा असला की बुरशीचं क्रीम लावत बसायचं नाही, तो दुसराच आजार, कुष्ठरोगही असू शकतो. सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट होते, गोळ्याही फुकट मिळतात आणि माणूस पूर्ण बरा होतो. हे मी त्याला हळू आवाजात तीनदा सांगितलं. त्याने एकच विचारलं, "कुणाला कळंल का?"

कोर्स संपेपर्यंत त्याने कोणालाच सांगितलं नाही. लग्नकार्याला गेला नाही, कोणाच्या पंगतीला बसला नाही. औषध सुरू झालं की लागण होत नाही हे डॉक्टरांनी सांगितलेलं, मीही सांगितलेलं. तरी नाही. कोर्स पुरा झाला त्या दिवशी दुकानात आला. काही घेतलं नाही. काउंटरवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "संपलं, ताई."

मी त्याच्या हातावर हात ठेवला. तो बराच वेळ तसाच उभा होता. मागे दोन गिऱ्हाइकं थांबलेली, पण मी त्यांना थांबू दिलं.

*

तर चांगुणाआजी रोज एक वाजता यायच्या. मी शटर अर्ध्यावर ओढायची, आत पडद्यामागे स्टुलावर त्यांना बसवायची आणि लावायची. काम पाच मिनिटांचं. पण आजी बसायच्या तीनपर्यंत.

पहिल्या दिवशी हात लागला तशी त्यांची पाठ शहारली. म्हटलं, "गार लागलं का?"

"न्हाई. सुन्याच्या येळंला बाळंत झाले तवा माझ्या आईनं पाठ शेकली हुती. त्याच्यानंतर पाठीला कुनाचा हात न्हाई लागला बग."

सुनीलचं वय आता चाळीसच्या आसपास असेल.

मला सरळ सांगायला लाज नाही वाटत, एक ते तीन हे दोन तास मला खायला उठतात. बाकी वेळ गिऱ्हाईक असतं, चिडायला माणूस असतो. शटर खाली ओढलं की डब्याचं झाकण उघडल्याचा आवाजसुद्धा मोठा वाटतो. आजी यायला लागल्या आणि मी डब्यात एक भाकरी जास्त घालायला लागले. त्या गप्पा मारायच्या, म्हणजे एकट्याच बोलायच्या. म्हैस विकली त्या दिवसाचं सांगायच्या, नातवाला सांगत होत्या ती अर्धी राहिलेली गोष्ट सांगायच्या. ती गोष्ट मलाही त्यांनी अर्धीच सांगितली. म्हणाल्या, "पुढचं त्याला आधी सांगनार."

एक दिवस पाय पुढे करून म्हणाल्या, "ह्या नखाला बी लाव की उरलंसुरलं." अंगठ्याचं नख जाड, पिवळं, शिंपल्यासारखं झालेलं.

"आजी, नखाला हे पोचत नाही. वरवर लावून उपयोग नसतो. डॉक्टर आधी नख तपासतील, मग रक्त तपासून गोळ्या द्यायच्या का ते ठरवतील. आणि नवं नख यायला वर्ष, दीड वर्ष लागतं."

"दीड वर्ष? म्हंजे तवर मी ऱ्हाते, असं डाक्टर लिहून देतोय का?"

"लिहून कसं देतील?"

"मग ऱ्हाऊ दे. फुकाट नख कशाला नवं करायचं."

मी रागावले. म्हटलं, बरी बोलताय, नातवाची गोष्ट पुरी करायची आहे ना? तेव्हा गप्प बसल्या आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाऊन साखर आणि नख दोन्ही तपासून आल्या. साखर ठीक निघाली. नखाचं डॉक्टर म्हणाले सावकाश बघू, आधी पाठ.

दोन आठवड्यांत खाज गेली. तिसऱ्यात चट्टे पुसट झाले. आजी म्हणायला लागल्या, आता बास, सुन्याला फोन कर. मी म्हटलं, अजिबात नाही. दिसेनासं झालं म्हणजे गेलं असं नसतं, मुळं आत असतात, डॉक्टरांनी सांगितलेत तेवढे दिवस पुरे करायचे. हे अगदी बरोबर सांगितलं. पण सांगताना माझ्या मनात काय होतं ते मला माहीत आहे. अजून पंधरा दिवस डब्यात दोन भाकऱ्या, एवढंच मनात होतं.

चार आठवडे पूर्ण झाले, वर डॉक्टरांनी वाढवून दिलेले अजून दोन झाले. डॉक्टरांनी पाठ बघितली आणि साफ आहे म्हणाले. आजी दवाखान्यातून जवळजवळ पळतच माझ्याकडे आल्या. मला आनंद झाला का? झाला. पण त्यांच्याइतका नाही.

*

आता हा शेवटचा.

सुनील रविवारी आईला न्यायला आला. आजी सकाळपासूनच पिशवी भरून माझ्याकडे येऊन बसल्या होत्या. पिशवीत नाचणीचं पीठ, घरचे तांदूळ आणि नातवासाठी डबाभर लाडू. एक वाजता मी शटर अर्ध्यावर ओढलं. आजींना म्हटलं, जायच्या आधी एकदा शेवटचं बघू द्या पाठ. त्या आत पडद्यामागे जाऊन बसल्या. मी हात धुवायला वळले तेवढ्यात सुनील काउंटरपाशी आला आणि खाली वाकून म्हणाला,

"मॅडम, आईला लावत होता ना, तेच क्रीम एक मिळेल का?"

"आईंना आता नको. बऱ्या झाल्या."

"आईला नाही. ऑफिसमधला एक जण आहे."

"कुठे झालंय त्याला?"

"पाठीला."

"कधीपासून?"

"ऑगस्टपासून."

"आणि इतके दिवस काय लावलं?"

"काहीच नाही. हात पोचत नाही."

"बायको आहे ना त्याच्या घरी?"

सुनील बाहेर एसटी स्टँडकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तिला सांगितलं तर पोराला जवळ येऊ देणार नाही."

 मी विचारलं, "म्हणजे आजी गणपतीला आल्या तेव्हा..."

"होतं," तो म्हणाला. "बाथरूममध्ये टॉवेल एकच असायचा, मॅडम. आईचा नि माझा. बायकोने आईची पाठ बघितली तेव्हा मी तिथेच उभा होतो."

पडदा बाजूला झाला. आजी बाहेर आल्या. किती ऐकलं होतं कोण जाणे, पण दुकान एवढंसं आहे.

"शर्ट वर कर," त्या म्हणाल्या.

"आई, अगं, हितं कशाला..."

"वर कर म्हनलं."

चाळिशीतला तो माणूस काउंटरकडे पाठ करून उभा राहिला आणि त्याने शर्ट वर केला. आजींची होती तशीच पाठ, किंबहुना जास्त. मी नवी ट्यूब फोडून आजींच्या हातात दिली. त्याला सांगितलं, की पुण्याला गेल्यावर डॉक्टरांना दाखवायचं, आणि घरातल्या सगळ्यांनाही तपासून घ्यायचं, एकदमच.

आजींनी वाटाण्याएवढं क्रीम बोटावर घेतलं. चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं, तिथून आत, गोल गोल. इतके दिवस माझं बोट पाठीवर कसं फिरतं ते त्यांनी न बघताच शिकून घेतलं होतं. एकही चट्टा सोडला नाही. सुनीलची मान खाली गेली होती, खांदे हलत होते. आजींनी एका हाताने खांदा धरला आणि दुसऱ्याने लावत राहिल्या.

मग आत जाऊन साबणाने हात धुतले, बोटांच्या बेचक्यांपर्यंत. पदराला न पुसता माझ्या कागदाने पुसले. पिशवीतून लाडवांचा डबा काढून काउंटरवर ठेवला.

"हे नातवाला दे. आनि सुनंला दाखव, तिलाच लावायला सांग. लपवू नगं. तुजं बरं झालं की मला न्यायला ये."

पिशवी खांद्याला अडकवून त्या शटरखालून वाकून बाहेर पडल्या आणि वाडीच्या रस्त्याला लागल्या. सुनील शर्ट वर धरून तसाच उभा होता, कारण क्रीम सुकेपर्यंत खाली सोडायचा नाही असं मीच त्याला सांगितलं होतं.